एका हाताची म्हैस

गोठ्यातल्या दोन म्हशी विकल्या गेल्या आणि तिसरी उरली, ती कुणी घेईना म्हणून. तशी ती दुधाला चांगली होती, कास भरदार, अंगानं धडधाकट. पण एका हाताची. घरातल्या सुनेशिवाय दुसऱ्या कुणाचा हात कासेला लागला की ती पान्हा चोरायची, चार थेंब दिल्यासारखे करायची आणि मग पाय झाडायची. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, शिंगांवर हात फिरवायचं, धार काढायला बसायचं आणि गुडघा चोळत उठायचं. तिचं पारडूही थंडीत दगावलं होतं, त्यामुळे पारडू लावून पान्हा सोडवायचीही सोय राहिली नव्हती. सुई टोचून दूध काढणारे गावात होते, पण त्या सुईनं थोरल्या म्हशीचं कसं वाटोळं झालं ते या घरानं डोळ्यांनी पाहिलं होतं.

सासू तिला महाराणी म्हणायची.

"आमच्याकडं दोन महाराण्या," ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. "एक गोठ्यात, एक पुस्तकात."

पुस्तकातली महाराणी म्हणजे सून. वय चाळिशीच्या पुढं. आई गेली तेव्हा शाळा सुटली, ती सुटलीच. मग लग्न, शेण, वैरण, धारा. मूलबाळ झालं नाही, त्याचं रडून झालं, बोलणी खाऊन झाली. आणि मग शेजारच्या गावी मोठ्या माणसांसाठी संध्याकाळची शाळा निघाली, तिथं ही जाऊन बसली. धार काढून, दूध घालून, तशीच चालत. तीन वर्षांत तिनं शाळेची शेवटची परीक्षा पास केली. एवढ्यावर गप्प बसली असती तर लोकांनी कौतुक केलं असतं. पण बाईला गणिताचं वेड लागलं होतं. तिला विद्यापीठात जायचं होतं.

"गणित शिकून करणार काय?" सासूनं विचारलं होतं.

"गणितच," सून म्हणाली होती.

संध्याकाळच्या शाळेतल्या मास्तरांनीच बातमी आणली होती. शहरातलं विद्यापीठ मोठ्या वयाच्या माणसांना गुण न बघता, नुसतं समोर बसवून, बोलून प्रवेश देतं. वर्ग आठवड्यातून दोनच दिवस. त्यासाठी एक दिवस ठरलेला असतो, त्या दिवशी जायचं, जागा बघायची, शिकवणाऱ्यांना भेटायचं. "पण ही सोय यंदाच्यापुरती," मास्तर म्हणाले. "पुढच्या वर्षी बंद. यंदा हुकलं की विसरा." सकाळची धार काढून पहिली बस धरायची आणि संध्याकाळच्या धारेच्या आत परत यायचं, एवढं जमलं की झालं. आठवड्याचे दोन दिवस म्हैस निभावून नेईल, असं तिनं शंभरदा मनाशी घोळवलं होतं.

आणि त्यातच नवरा भुशाच्या गंजीवरून पडला.

वैरणीचा खडखडाट होता. रानात हिरवं म्हणून काही राहिलं नव्हतं. एका ओळखीच्या माणसानं गंजीतला भुसा न्या म्हणून सांगितलं, हा वर चढला आणि खाली आला. उजव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. तेव्हापासून सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. ओढ्याच्या कोरड्या काठानं जाऊन खुरप्यानं खुरटं गवत काढायचं, भारा डोक्यावर आणायचा, शेण लोटायचं, पाण्याची गाडी आली की हंडे भरायचे. गवताच्या पात्यांनी बोटं चिरली होती. त्या चिरांत शेण जाऊन काळ्या रेघा बसल्या होत्या.

विद्यापीठात जायच्या आधीच्या आठवड्यात ती त्या रेघांकडं बघायला लागली. आधी कधी बघितलं नव्हतं.

"हात पुढं करून बोलू नकोस," नवरा म्हणाला. "मांडीवर ठेव. पालथे."

"मांडीवर ठेवले की मला बोलता येत नाही."

"मग बोल बघू. मी सर." तो बादली पालथी घालून गोठ्याच्या दारात बसला, प्लास्टरचा हात गळ्यातल्या फडक्यात, पाठ ताठ. "हं. या वयात का शिकायचंय तुम्हाला?"

ती म्हशीच्या बाजूला बसली होती, चरवी गुडघ्यांत धरून.

"सर, मला... लहानपणी आवड होती..."

"लहानपणी सगळ्यांनाच आवड असते. मला विमान चालवायची होती."

"तुम्ही सर आहात की कोण आहात?"

"सरसुद्धा असंच विचारतील." तो हसला आणि तिचा चेहरा बघून थांबला. "बरं, पुन्हा. या वयात का?"

तिचे डोळे भरून आले. तिनं म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवलं आणि धारा चालू ठेवल्या. म्हशीनं मात्र तिच्या त्या अडखळत्या बोलण्यावर शांतपणे दूध दिलं.

बुटांचंही तसंच. तिच्याकडं रबरी चपला होत्या, एकीचा अंगठा तारेनं बांधलेला. दवाखान्यातल्या नर्सबाईनं आपले काळे बूट दिले. ते एक बोट आखूड होते. तिनं भेगाळलेल्या टाचा त्यांत कोंबल्या आणि अंगणात चालून पाहिलं.

"चावतात?" सासूनं विचारलं. म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण चालण्यातला फरक कानांनी कळायचा.

"नाही."

"चावतात," म्हातारी म्हणाली.

म्हैस मात्र दिवसभर सुनेच्याच नजरेत होती. एका गोष्टीची धास्ती सगळ्यांनाच होती. दूध कासेत राहिलं तर कास धरते, गरम होते, दगडासारखी होते. थोरली विकायच्या आधी तिची दोन सडं तशीच गेली होती. ही गेली तर घरात येणारं दूध संपलं, आणि दूध संपलं म्हणजे सगळंच संपलं. तिघांनाही हे ठाऊक होतं.

आदल्या दिवशी नवरा बाजारातून आला तो पिशवी पाठीमागं लपवून. लहान पोरासारखं तोंड करून त्यानं ती पुढं केली. गुलाबी कागदातला साबण आणि वासाच्या तेलाची बाटली.

"तिथं सगळी मोठी माणसं असणार," तो म्हणाला. "तुझ्या अंगाला गोठ्याचा वास येतो, असं कुणी म्हणायला नको."

त्याला तिला दुखवायचं नव्हतं, ती दुखावलीही नाही. खरंच येत होता वास. स्वतःचा वास स्वतःला येत नाही म्हणून माणूस निवांत असतो, एवढंच.

संध्याकाळची धार झाल्यावर तिनं पिंपातलं उरलंसुरलं पाणी काढलं. सासू काठी टेकत न्हाणीत आली आणि दगडावर बसली.

"दे इकडं. पाठीला तुझा हात पुरायचा नाही."

संधिवातानं वाकलेल्या त्या बोटांनी म्हातारीनं सुनेची पाठ घासली, मान घासली, केसांत दोनदा साबण लावला. एवढ्या वर्षांत तिनं सुनेच्या अंगाला असा हात लावला नव्हता. "घास म्हटलं तर घासायचं. उद्या कुणी नाक मुरडलं तर नाव माझं जायचं," असं काहीबाही पुटपुटत होती. सुनेला इतकं बरं वाटलं की तिला रडू आलं, पण साबण डोळ्यांत गेल्यासारखं करून तिनं ते निभावलं. केसांना तेल लागलं. अख्खी खोली गुलाबाच्या वासानं भरून गेली. नवरा दारात उभा राहून म्हणाला, "बाई, चुकीच्या घरात आलात तुम्ही." तिघंही हसली.

गोठ्यातच जन्म काढलेली तीन माणसं, पण त्या वासाचं सकाळी काय होणार हे तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

पहाटे ती चरवी घेऊन गोठ्यात गेली, रोजचा जुना सदरा अंगावर चढवून. म्हशीनं मान वळवली, नाकपुड्या फुगवल्या आणि फुरफुरली. दावं ताणून बाजूला सरली.

"अगं, मी आहे. हो, हो."

तिनं पाठीवर थाप मारली. म्हशीचं कातडं थरथरलं. ती खाली बसली, कासेला पाणी लावलं, सड धरलं. दोन धारा आल्या, पातळ, आणि थांबल्या. मग सडात काही उरलंच नाही. वरची कास तट्ट, खालचं सड रिकामं. तिनं पुन्हा ओढलं आणि लाथ आली. चरवी भिंतीपर्यंत घरंगळत गेली.

त्या क्षणी तिला कळलं.

"अहो!" ती ओरडली. "अहो, साबण!"

नवरा धावत आला. त्यालाही एका शब्दात कळलं. त्यानं पेंडीची पाटी म्हशीपुढं धरली, पण म्हशीनं तोंड फिरवलं. सासू दारातूनच म्हणाली, "डोकं बांध, डोकं. तेलाचा वास आहे तो." तिनं डोक्याला फडकं गुंडाळलं. म्हैस पुन्हा फुरफुरली. उजाडायला लागलं होतं. बस गावाबाहेरच्या फाट्यावर यायची, आणि फाटा लांब होता.

"जा तू," नवरा म्हणाला. "मी बघतो."

"काय बघता? एका हातानं काय बघता?"

ती उठली आणि शेणाच्या ढिगापाशी गेली. रात्री घासून घासून गोरे केलेले हात तिनं कोपरापर्यंत त्यात घातले. ते हातांना चोळलं, मानेला चोळलं. मग नालीतलं म्हशीचं मूत ओंजळीनं घेतलं आणि डोक्यावरचं फडकं काढून केसांवर ओतलं. एकदा, दोनदा. नवऱ्यानं तोंड दुसरीकडं वळवलं. ती रडत होती आणि रडता रडता म्हशीशी नेहमीच्या आवाजात बोलत होती, "हो गं, हो बाई, हो."

मग ती तिच्या पोटाला कपाळ लावून नुसती बसून राहिली. ओढलं नाही. म्हशीनं तिच्या खांद्याचा, केसांचा वास घेतला, पुन्हा घेतला. फाट्यावर बसचा भोंगा वाजला. तिघांनीही ऐकला. कुणी मान वर केली नाही. बस गेल्यावर बऱ्याच वेळानं म्हशीनं एक लांब श्वास सोडला, सडं भरली, आणि धार चरवीच्या तळावर वाजली.

पिंपात पाणी नव्हतं. रात्री ते सगळं तिच्या अंगावर संपलं होतं. प्यायच्या घागरीतून सासूनं तांब्याभर काढून दिलं, त्यात तोंड आणि हात धुतले. ठेवणीतले कपडे तिनं घातले नाहीत.

"आता काय जाऊन उपयोग," ती म्हणाली आणि ओट्यावर बसली.

"ऊठ," सासू म्हणाली.

"अशी जाऊ?"

"मग कशी जाणार? तुझा वास आम्हाला आयुष्यभर चालला, त्यांना एक दिवस चालेल. कपडे घाल."

"आणि संध्याकाळची धार? आता जाऊन मी वेळेत येतेय होय?"

"मी काढीन. तुझा सदरा घालीन," म्हातारी म्हणाली आणि ती वाकडी बोटं पदराखाली सारली.

दूध न्यायला टेम्पो आला तेव्हा नवऱ्यानं तिला अक्षरशः हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. टेम्पोवाला तोंडाचा फटकळ, पण मनाचा वाईट नव्हता. त्यानं तिच्याकडचा वास घेतला आणि खिडकीची काच खाली केली.

"वहिनी, कुठल्या विद्यापीठात? जनावरांच्या?"

थोड्या वेळानं त्यानं हळूच तिच्याकडं पाहिलं आणि गाडी जोरात घेतली. पण वाटेत गावं होती, प्रत्येक गावी कॅन चढवायचे होते. दूध डेअरीत पोचेपर्यंत ऊन तापलं होतं. तिथून पुढं ती चालत गेली. नर्सबाईच्या बुटांनी टाचा सोलून काढल्या होत्या, मोजा चिकटला होता.

फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तिला हातानं थांबवलं.

"कॅन्टीनचं दूध मागच्या फाटकानं."

"मी दूध घेऊन नाही आले. शिकायला आलेय. आज बोलावलंय."

"कुणाला?"

"मला."

त्यानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चेष्टा केली नाही, नुसतं बोट दाखवलं. ते तिला चेष्टेपेक्षा जास्त लागलं.

मोठ्या खोलीत खुर्च्या मांडल्या होत्या. सकाळी तिथं माणसं भरली असणार. आता थोडी उरली होती, चहाचे कप हातात धरून. तिच्यापेक्षा लहान, तिच्याएवढी, एक दोन पिकल्या केसांचीही. ती टोकाच्या खुर्चीवर बसली. शेजारच्या बाईनं आधी इकडंतिकडं पाहिलं, मग रुमाल काढला, मग आपली खुर्ची जराशी सरकवली. अगदी हळू सरकवली, ऐकू जाऊ नये म्हणून. खुर्चीचा पाय फरशीवर खरडला तो खरडलाच.

गणिताच्या टेबलाशी एक तरुण मास्तर कागद आवरत होता.

"उशीर केलात," तो म्हणाला. "गणिताच्या बाई सकाळीच सगळ्यांशी बोलल्या. आता त्या मीटिंगला गेल्यात."

"परत येणार नाहीत?"

"येतील, पण ऊन कलल्यावर. थांबणार असाल तर विचारून बघतो."

"उद्या आले तर?"

"उद्या नाही चालणार. कुणाला घ्यायचं ते आजच्या आज कळवायचंय." त्यानं खिडकी उघडली. उकाड्यासाठीही उघडली असेल. "काय, थांबता?"

"थांबते," ती म्हणाली.

बाईंच्या खोलीबाहेर बाक होतं. पलीकडं मोरी होती, आरसा असलेली, धो धो पाणी येणारी. ती आत गेली. नळ सोडला आणि एवढं पाणी नुसतं वाहताना बघून घाबरून अर्धा बंद केला. मान धुतली, कोपर धुतले. आरशाखाली साबणाची बाटली होती, पांढरी, तिचा हात बाटलीपर्यंत गेला. एकदा दाबलं की वास जाणार होता. आत जाऊन माणसासारखं बसता येणार होतं.

तिनं हात मागं घेतला. संध्याकाळच्या धारेला अजून पोचता आलं असतं. बाई लवकर आल्या असत्या तर मधली बस मिळाली असती. आणि गोठ्यात जाताना अंगाला साबणाचा वास घेऊन जाणं तिला परवडणारं नव्हतं. नुसत्या पाण्यानं धुऊन ती बाहेर आली आणि तशीच, वासासकट, बाकावर बसली. येणारी जाणारी पोरं तिच्यापाशी आली की पावलं उचलायची. तिला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं.

मधली बस सुटायची वेळ आली आणि गेली. बाई आल्या नाहीत. उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत भिंतीवर चढली. तिची बोटं आपोआप मिटत होती, उघडत होती. या वेळेला तिकडं म्हैस उठून उभी राहत असेल, दाराकडं तोंड करून. फोन करावा असं तिला दहादा वाटलं आणि दहादा तिनं केला नाही. काय ऐकायला मिळेल याची भीती वाटत होती.

बाई आल्या त्या झपाझप, हातात फाईल. बारीक, चष्मा लावलेल्या, दमलेल्या. तरुण मास्तर त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला. बाईंनी बाकाकडं पाहिलं, क्षणभर नाक आक्रसलं आणि मग मान हलवली.

"दोन मिनिटांत बोलावते. पण मला फार वेळ नाही हं."

तेवढ्यात तिच्या पिशवीतला फोन वाजला. नवऱ्याचा.

"झालं गं," तो घाईघाईनं म्हणाला. "धार झाली. आईनं काढली. तू निवांत बस, काही काळजी करू नकोस."

त्याच्या पाठीमागं म्हैस रेकली. लांबलचक, आतड्यापासून. मध्ये श्वास घेऊन पुन्हा.

तिनं फोन कानाशी घट्ट धरला.

"खरंच?"

"खरंच म्हणजे काय! चरवी भरली."

"सांग तिला, वर फेस आला म्हणावं," म्हातारीचा आवाज आला. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाचा असतो तसा मोठा, सपाट. आणि तिच्या आवाजासरशी म्हैस पुन्हा रेकली. दूध निघालेली म्हैस अशी रेकत नाही. हे त्याला ठाऊक होतं, म्हातारीला ठाऊक होतं आणि तिलाही. कास तटतटली असेल, गरम झाली असेल. म्हातारीची ती वाकडी बोटं सडावर घसरत असतील, आणि एक लाथ तरी तिला बसलीच असेल.

अजून शेवटची बस होती. आता उठून धावलं तर रात्रीपर्यंत पोचता आलं असतं.

"आत या," बाईंनी दारातून म्हटलं.

तिला दोघांचा राग आला आणि दोघांवर मायाही आली.

"बरं झालं," ती फोनवर म्हणाली. "तरी कास शेकत राहा. गरम पाण्यानं."

पलीकडं म्हैस रेकतच होती.

"शेकतोय," नवरा म्हणाला.

"आईंना दूर बसवा."

"बसवलंय. तू आत जा."

तिनं फोन बंद केला, ओले डोळे मनगटानं पुसले आणि ती आत गेली.